ज्योत्स्नाताईंची बजावणी

सुहासरावांचा फोन आला तेव्हा मी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी होते. "स्नेहल, ज्योत्स्ना गेली," एवढंच ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आत्ताच. ईशान इथंच आहे." मी "हो" म्हणाले. काउंटरपलीकडच्या बाईंनी बटाटे की भात असं विचारलं, मी भात सांगितला, खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले आणि तो सगळा खाल्ला. नंतर मीटिंग होती, त्या मीटिंगमध्ये मी बोललेसुद्धा. संध्याकाळी ट्राममधून ऱ्हाईनवरचा पूल ओलांडताना लक्षात आलं, की मला घरी नव्हे तर त्यांच्याकडे जायला हवं होतं... आणि मी उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसले होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, कशी आहेस? मी बरी आहे म्हणते, आणि ते खोटंही वाटत नाही. आत काहीतरी बधिर झालंय, दातांच्या डॉक्टरांकडून आल्यावर गाल होतो तसं. ताई म्हणायच्या, "आधी काय झालं ते लिही. काय वाटलं ते नंतर, जागा उरली तर." म्हणून काय झालं तेच लिहितेय.

ज्योत्स्नाताई मूळच्या फलटणच्या. त्यांचे वडील, नाना, तिथल्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. म्हणजे कोणावर दावा लागला की त्याच्या दारात समन्स घेऊन जाणारा माणूस. नाना गल्लीत शिरले की लोक दारं लावून घ्यायचे, घरात असलेले गृहस्थ अचानक परगावी गेलेले असायचे. शाळेत मुली ताईंना 'समन्स' म्हणून चिडवत. त्या हे हसत सांगायच्या, पण एकदा म्हणाल्या, "अगं, ज्या घरी आपल्या बापाला पाणीसुद्धा विचारत नाहीत, त्याच घरातली मुलगी वर्गात शेजारच्या बाकावर बसलेली असते. तिला काय सांगणार? बाबांनी दावा केलेला नाही, बाबा फक्त कळवायला आलेत, हे?" त्या वकील झाल्या त्याचं मूळ बहुधा इथंच असावं. साताऱ्याला काही वर्षं वकिली केली. मग लग्न, सुहासरावांची मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी, आणि जर्मनी. लहानग्या ईशानला सांभाळत त्यांनी हायडेलबर्गला परदेशी वकिलांसाठीचा कायद्याचा अभ्यासक्रम केला, पुढं ड्युसेलडॉर्फला आल्यावर न्यायालयाच्या शपथबद्ध अनुवादक झाल्या आणि एका वकिली फर्ममध्ये लागल्या. काळा कोट पुन्हा अंगावर चढला नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यांचं काम बजावणीचं होतं. इथल्या कोणी भारतातल्या माणसावर दावा लावला, तर कागद नुसते पोस्टानं पाठवून चालत नाही. ते भाषांतरासह दिल्लीला जातात, तिथून जिल्ह्याच्या कोर्टात, आणि शेवटी तिथला बेलिफ ते घेऊन दारात उभा राहतो. उलट दिशेनंही तसंच. दावा कितीही खरा असो, समोरच्याला तो रीतसर कळला नसेल तर पुढं काहीच होऊ शकत नाही. पहिल्यांदा त्यांनी हे समजावलं तेव्हा मला ती निव्वळ कागदी कटकट वाटली होती. त्या मात्र त्यावर नुसतं पोट भरत होत्या असं नाही, त्यावर त्यांचा विश्वास होता.

माझी त्यांची ओळखही अशाच एका कागदानं झाली. मी तेव्हा जर्मनीत नवी होते. माझ्या आधीच्या घरमालकानं, मी सोडलेल्या घरातली लाकडी जमीन वॉशिंग मशीनच्या पाण्यानं खराब झाली म्हणून माझ्यावर दावा लावला. पत्रपेटीत पिवळं पाकीट आलं. आतलं जर्मन मला निम्मंही कळलं नाही. महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी ताईंचं नाव सुचवलं, मी फोन केला, आणि त्या त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. चपला काढता काढता पहिला प्रश्न, "पाकीट कुठंय?"

मी कागद पुढं केले.

"हे नाही गं. पिवळं पाकीट."

"ते टाकलं मी. आल्टपापिअरमध्ये."

त्या वळल्या आणि जिना उतरू लागल्या. अंगणातल्या निळ्या कचरापेटीत आम्ही दोघी वाकून रद्दी उपसत होतो. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई खिडकीतून बघत होत्या. ताईंनी त्यांना अगदी शांतपणे जर्मनमध्ये सांगितलं, "आम्ही एक तारीख शोधतोय." पाकीट सापडलं, पिझ्झाच्या खोक्याला चिकटलेलं. त्यावर पोस्टमननं पेनानं दिवस लिहिला होता. "ही बघ. मुदत या दिवसापासून मोजतात, तू कधी उघडलंस त्यापासून नाही. दोन आठवड्यांत कोर्टाला कळवायचं, की मी लढणार आहे. नाही कळवलं तर समोरचा सांगेल ते खरं, आणि एकतर्फी निकाल."

मग माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही कैफियत लिहिली. मराठीत आपण कैफियत मांडणं म्हणजे गाऱ्हाणं सांगणं समजतो. कोर्टात तो शब्द प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा. मी लिहीत होते, की हा मालक आमच्यासारख्यांशी नेहमी असाच वागतो, मला किती मनस्ताप झाला... ताईंनी ते सगळं खोडलं. "त्यानं एकेक मुद्दा मांडलाय ना? तूही एकेकाला उत्तर दे. पाणी सांडलं? नाही. जमीन आधीच फुगली होती? हो, आणि राहायला आलीस तेव्हाचे फोटो आहेत. जे नाकारणार नाहीस ते तू कबूल केलंस असं धरतात. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं. इथंही तेच, फलटणलाही तेच." सुनावणीला त्या माझ्यामागच्या खुर्चीवर येऊन बसल्या. न्यायाधीशबाईंनी फोटो पाहिले, मालकाला दोन प्रश्न विचारले, आणि त्यानं दावा मागं घेतला. बाहेर आल्यावर मी त्यांना मिठी मारली, तर म्हणाल्या, "आता घरी जाऊन त्या पत्रपेटीवर नाव नीट मोठ्या अक्षरात लाव."

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरातली झाले. ईशानची मी स्नेहलमावशी. तो तेव्हा शाळेत होता, मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये. ताई मराठीत विचारणार, तो जर्मनमध्ये "या, मामा", म्हणजे हो आई, असं म्हणणार, आणि दोघांचं व्यवस्थित चाललेलं असायचं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती त्या मला घडत गेली तशी सांगत होत्या. त्यांच्या फर्मच्या एका अशिलानं इचलकरंजीच्या एका कारखानदारावर सदोष सुट्या भागांबद्दल दावा लावला होता. कागद इंग्रजी भाषांतरासह जाणार होते, आणि नियमानं तेवढं पुरेसं होतं. ताईंनी आधीच्या पत्रव्यवहारावरून ओळखलं, की या माणसाला इंग्रजी जेमतेम कळतं. त्यांनी बॉसकडे जाऊन सांगितलं, की मला सोबत मराठीत एक पान जोडायचंय. तुमच्यावर दावा लागलाय, अमुक मुदतीत उत्तर द्या, वकिलाला भेटा, एवढंच. बॉस म्हणाले, गरज नाही. ताई म्हणाल्या, गरज नाही हे मलाही माहीत आहे. त्यावर बॉसनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?"

"तुमच्याच," ताई म्हणाल्या. "तो आला नाही तर तुम्हाला इथं निकाल सहज मिळेल. पण पैसे त्याचे तिकडं आहेत. एका बाजूचं ऐकून दिलेला निकाल तिकडचं कोर्ट मानेलच असं नाही. तो आला, बोलला आणि मग हरला, तर त्या निकालाला काही अर्थ आहे."

सुहासरावांना त्या संध्याकाळी भीती वाटत होती, की हिची नोकरी जाणार. नोकरी गेली नाही, पान गेलं. काही महिन्यांनी त्या माणसाचं उत्तर आलं, वकिलामार्फत, मुद्देसूद. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. माल धाकट्याच्या नव्या युनिटनं पाठवलेला, आणि दावा थोरल्यावर. कंपनीचं नाव दोघांनी तेच ठेवलं होतं. याचा त्या व्यवहाराशी काही संबंधच नव्हता. त्याच्यावरचा दावा काढून घ्यावा लागला. बॉसनी ताईंचं कौतुक वगैरे केलं नाही. फक्त भारतात जाणारं पुढचं प्रकरण टेबलावर ठेवताना म्हणाले, "आणि तुमचं ते पान जोडा." हे सांगताना ताई पोळ्या लाटत होत्या. मी म्हटलं, केवढा मोठा विजय आहे हा तुमचा. त्यांनी पोळी उलटली. "विजय कसला? त्याला कळलं. बास."

गेल्या वर्षी त्यांना पोटदुखी सुरू झाली. तपासण्यांमागून तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी तिघांना बोलावून बसवलं. डॉक्टर आडवळणानं बोलू लागले, तेव्हा ताईंनीच थांबवून स्वादुपिंडाचा कर्करोग हा शब्द त्यांच्याकडून स्पष्ट वदवून घेतला. ईशान म्युनिकजवळच्या गार्चिंगला पीएचडी करत होता, तो तिकडचं काम सोडून मधूनमधून येऊन राहू लागला. मी शनिवारी जायचे. केमोनंतर त्यांना नीट बसवत नसे, म्हणून आम्ही हळूहळू नदीकाठानं चालायचो, बाक दिसला की थांबायचो. अशाच एका बाकावर त्या म्हणाल्या, "नानांना सांगायचं नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "ताई, तुम्ही? तुम्ही असं म्हणताय?"

त्या पाण्याकडे बघत होत्या. एक मालवाहू जहाज चाललं होतं, त्याच्या मागच्या भागात कोणाचे तरी कपडे वाळत होते. "कायद्यात का कळवतात? समोरच्याला उत्तर देता यावं म्हणून. नानांचं वय बघ. यावर ते काय उत्तर देणार?" मी वाद घातला. म्हटलं, त्यांचा हक्क आहे. त्या एरवी प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायच्या, त्या दिवशी दिलं नाही. जहाज पुलाखालून गेलं. मग उठल्या, म्हणाल्या, "थंडी वाजतेय, चल." तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

त्यामुळे त्या गेल्या त्या संध्याकाळी त्यांच्या घरात मुख्य प्रश्न हा होता, की नानांना कोण सांगणार. फलटणला नाना आणि त्यांची विधवा बहीण, ईशानच्या भाषेत आत्याआजी, असे दोघंच राहतात. सुहासरावांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मग ईशान म्हणाला, जर्मनमध्येच, "फोनवर नाही. मी जातो." सुहासराव म्हणाले, अरे, इथं किती कामं आहेत, कचेऱ्या, दाखले... तो म्हणाला, "बाबा, इथं अंत्यसंस्काराची तारीख मिळायला तसेही बरेच दिवस लागणार आहेत. आई म्हणायची, हातात द्यायचं असतं." शेवटचं वाक्य त्यानं मराठीत म्हटलं. मग माझ्याकडे बघून, "मावशी, तू येशील? मला शब्द नाहीत." त्याला मराठी येत नाही एवढंच म्हणायचं होतं.

सुहासरावांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच निरोप टाकला, की ईशान पोचेपर्यंत कृपया कोणीही, कुठंही काही लिहू नये. ज्या ग्रुपवर दिवसभर काही ना काही चालू असतं, तो ग्रुप तेवढा काळ पूर्ण शांत राहिला. फ्रँकफर्टहून मुंबई, तिथून गाडीनं फलटण. सबंध प्रवासात आम्हाला एकच धास्ती होती, की बातमी आमच्या आधी पोचेल. ईशान गाडीत वाक्यं घोकत होता. "आजोबा, आई बरी नव्हती. आजोबा, आईला कर्करोग होता." मला विचारून उच्चार सुधारत होता.

नाना ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. गाडीतून ईशान उतरला तसा त्यांनी पेपर खाली केला. नातू न कळवता जर्मनीहून आलाय, सोबत मी, आणि मुलगी नाही. ते उठले नाहीत. ईशाननं वाकून नमस्कार केला आणि तिथंच जमिनीवर त्यांच्या पायाशी बसला. घोकलेलं सगळं विसरला असावा. त्याचे ओठ हलले, आणि मग तो म्हणाला, "आजोबा, आई मेली."

आपण माणसाबद्दल असं म्हणत नाही. गेली म्हणतो, वारली म्हणतो. मी काहीतरी सावरायला पुढं झाले, तर नानांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "कळलं."

आतून आत्याआजी आल्या, त्यांना मी सांगितलं, त्या हंबरडा फोडून रडल्या. नाना रडले नाहीत. त्यांनी विचारलं, कधी. विचारलं, जवळ कोण होतं. ईशान म्हणाला, "मी. आणि बाबा." विचारलं, फार त्रास झाला का. ईशान म्हणाला, "आधी खूप. शेवटी नाही." तो खोटं बोलला नाही. नाना प्रत्येक उत्तराला मान हलवत होते. मग म्हणाले, "दिवाळीपासून तिचा आवाज फोनवर बदलला होता. मध्येच धाप लागायची. मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंत?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं कदाचित.

"विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं," नाना म्हणाले. "तिला ते कधी जमलं नाही." मग ईशानच्या खांद्यावर हात ठेवून, "तू स्वतः आलास, बरं केलंस. लोक दारावर कागद डकवून जातात." आणि आत्याआजींना म्हणाले, "पोरांना आधी काहीतरी खायला दे."

आम्ही खाल्लं. पिठलं आणि भाकरी होती. त्या बाकावर ताई ज्या उत्तराबद्दल बोलल्या होत्या, ते नाना न विचारून गेले कित्येक महिने देतच होते. ताईंना ते कळलं होतं का, हे मला आता कधीच समजणार नाही. या एका गोष्टीपाशी आले की छातीत काहीतरी हलल्यासारखं होतं, आणि पुन्हा थांबतं.

आम्ही परतलो. अंत्यसंस्कार झाले. नानांनी ते फोनच्या पडद्यावर पाहिले, शेवटपर्यंत. ताईंचे बॉसही आले होते. रीतीप्रमाणे हात मिळवला आणि सुहासरावांना एवढंच म्हणाले, "त्या जिथं कागद पाठवायच्या, तिथून उत्तर यायचं."

परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. ईशान सध्या दर आठवड्याच्या शेवटी गार्चिंगहून येतो. दुपारी कॉफी झाली, सुहासराव आत जाऊन पडले आणि नानांचा फोन आला. ताई त्यांच्याशी बोलताना कधी बसायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहायच्या, डावा हात खिडकीखालच्या हायझुंगवर, म्हणजे हीटरवर, थंडी असो नसो. कितीदा म्हटलं, बसा ना, तर बोटानंच 'थांब' म्हणायच्या. ईशान फोन घेऊन उठला आणि खिडकीशी गेला. "हो आजोबा. जेवलो. नाही... पाऊस नाही आज." मग दोघांकडचेही शब्द संपले असावेत. त्याचं मराठी तेवढंच, आणि नानांना आता ऐकू कमी येतं. मला वाटलं, फोन ठेवेल. पण त्यानं ठेवला नाही, आणि पलीकडूनही कोणी ठेवला नाही. बंद हायझुंगवर हात ठेवून तो बाहेरच्या झाडाकडे बघत उभा होता, फोन कानाशी. मी कप विसळले, पुसले, फडताळात लावले. तो अजून उभाच होता.